साइटवरची राठवा-भील मुलं लेखी गणितात मागे राहतात, ते ‘जीन्समुळे’ असं म्हणता येतं का?

आकडेमोड_बडोदे

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात भायलीला राहतो, दहावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. आमच्या सोसायटीमागे दोन टॉवर उभे राहताहेत. तिथल्या मजुरांची मुलं संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये बसवून मी शिकवतो. बहुतेक कुटुंबं छोटाउदेपूर आणि दाहोदकडची, राठवा आणि भील. दिवाळीनंतर येतात, होळीला गावी जातात, त्यातली काही पुन्हा पावसाळ्यापर्यंत येतात.

मुलं तोंडी हिशोबात पक्की आहेत. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आईबापाची हजेरी, अर्धी रोजी, मुकादमाची उचल, किराणावाल्याची उधारी असा सगळा आठवड्याचा हिशोब बोटांवर न मोजता सांगते. तोच हिशोब अपूर्णांकात पाटीवर मांडायला दिला की थांबते. सहावीच्या पुस्तकातली शाब्दिक उदाहरणं तर बहुतेकांना येतच नाहीत.

सोसायटीतले एक गृहस्थ, केमिकल इंजिनियर, येता-जाता हे बघतात. परवा म्हणाले, “सर, तुमची मेहनत बघून वाईट वाटतं. हे रक्तात असावं लागतं.” मग त्यांनी आकडे दिले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून उंचीची हेरिटॅबिलिटी (म्हणजे माणसामाणसातल्या फरकातला जीन्सचा, जनुकांचा वाटा) ८० टक्क्यांच्या आसपास, बुद्ध्यांकाची मोठ्या वयात ५० टक्क्यांच्या वर. “माणसामाणसातला फरक एवढा जीन्सचा असेल, तर समाजासमाजातला दुसरा कशाचा असणार?”

आकडे मी ताडून पाहिले, ते खोटे नाहीत. म्हणून इथे विचारतो. भाषण नको आणि त्या गृहस्थांना नावं ठेवणंही नको, त्यांनी मुलांसाठी वह्या आणून दिल्या आहेत. युक्तिवादात चूक असेल तर नेमकी कुठल्या पायरीवर, ते हवंय. नसेल तर तसंही स्पष्ट सांगा. शिकवणं मी दोन्ही परिस्थितीत चालू ठेवणार आहे.

रक्तपेढीवाली

मास्तर, चूक त्यांच्या शेवटच्या वाक्यात आहे. आकडे एका गटाच्या आतले आहेत आणि निष्कर्ष दोन गटांमधला काढलाय. मधली पायरीच नाही.

हेरिटॅबिलिटी एवढंच सांगते: या लोकसंख्येत, या काळात, या परिस्थितीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती हिस्सा जनुकांतल्या फरकाशी जुळतो. परिस्थिती सगळ्यांची सारखी असेल तर उरलेला फरक जनुकांचाच दिसणार आणि आकडा वर जाणार. दुसऱ्या गटाची परिस्थिती वेगळी असेल तर तिथल्या सरासरीबद्दल हा आकडा काही बोलत नाही.

त्यांनीच दिलेली उंची घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डच पुरुष अमेरिकनांपेक्षा बुटके होते. आज ते जगात सर्वांत उंच आहेत, सरासरी १८२ सेंटिमीटरच्या वर. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची १८९६ साली जन्मलेल्या पिढीपासून १९९६ साली जन्मलेल्या पिढीपर्यंत सुमारे २० सेंटिमीटर वाढली. शंभर वर्षांत एवढी जनुकं बदलत नाहीत. त्याच कोरियन वंशाचे उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडच्यांपेक्षा बुटके राहिले. म्हणजे गटाच्या आत ८० टक्के जनुकांचं असलेलं लक्षण दोन गटांत, दोन पिढ्यांत, जवळजवळ पूर्ण परिस्थितीमुळे वेगळं असू शकतं. हे एवढं कळलं की त्या गृहस्थांचा युक्तिवाद उभा राहत नाही.

पण मी इथे थांबणार नाही, कारण ‘जीन्स वगैरे काही नसतं, सगळं परिस्थितीच’ असं म्हणणारेही आता येतील आणि तेही खरं नाही. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली आणि त्यातला मोठा भाग सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या अनुवंशिक आजाराच्या तपासणीत. पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात शिबिरं लागायची. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या पक्क्या तपासणीला. काही गावांत गढूळ नळ्या एकामागून एक यायच्या. बडोद्यात रावपुऱ्यातल्या किंवा कारेलीबागेतल्या आपल्या मराठी घरांतून आलेल्या नमुन्यांत तसं होत नसे. हा जनुकांतलाच फरक आहे, समाजासमाजातला आहे, आणि तो नाकारला तर पोरं मरतात.

मात्र तो कुठून आला, हेही माहीत आहे. सिकलचं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेलं असेल, म्हणजे माणूस रोगी नसून नुसता वाहक असेल, तर मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ते टिकलं: मध्य आणि पश्चिम आफ्रिका, ग्रीसचे काही भाग, सौदी अरेबियाचा पूर्व किनारा, भारतात निलगिरीपासून विदर्भ, सातपुडा, छोटाउदेपूरपर्यंत. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत ते जवळपास नाही. काळे-गोरे, पुढारलेले-मागासलेले अशी कुठलीच वाटणी इथे लागू होत नाही, डासांची होते. आणि गुजरातेत बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या अनुवंशिक आजाराचे वाहक लोहाणा आणि सिंधी समाजांत जास्त सापडतात. त्यांच्या रक्तात खोट आहे म्हणून ते धंद्यात मागे पडतील, असं बडोद्यात कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. रक्तातल्या एका गोष्टीवरून डोक्यातल्या दुसऱ्या गोष्टीवर उडी फक्त गरिबांच्या बाबतीत मारली जाते. याचा मला फार राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आता मक्याची गोष्ट. तुमच्या मुलांच्या घरी मक्याचे रोटले होत असतील म्हणून आठवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा नावाचा आजार माजला होता. कातडी भाजल्यासारखी होई, जुलाब लागत, शेवटी भ्रम होई. दरवर्षी हजारो माणसं मरत. रोगी बहुतेक गरीब, कापसाच्या गिरण्यांच्या वस्त्यांतले, आणि एकाच कुटुंबात अनेक. चार्ल्स डेव्हनपोर्ट हे तिकडचे सुप्रजननवादी, म्हणजे ‘चांगल्या’ घराण्यांचीच प्रजा वाढावी असं मानणारे. त्यांनी वंशावळी गोळा केल्या आणि १९१६ साली लिहिलं की या आजारात अनुवंशाचा हात आहे. ‘घराण्यात चालतो’ हे दिसतच होतं ना! त्याच सुमारास जोसेफ गोल्डबर्गर हा सरकारी डॉक्टर मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत गेला आणि मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस, कडधान्यं वाढवली. आजार गेला. लोकांचा विश्वास बसेना, तर रोग सांसर्गिक नाही हे दाखवायला त्याने रोग्यांचं रक्त स्वतःला आणि बायकोला टोचून घेतलं. मूळ कारण नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता, हे १९३७ साली पक्कं झालं. मक्यातलं नायसिन शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळं होतं, म्हणून तिथे मका खाऊनही हा रोग माजला नाही.

डेव्हनपोर्टच्या वंशावळी खोट्या नव्हत्या. फक्त कुटुंब जनुकांबरोबर ताटही पुढच्या पिढीला देतं, हे त्यांनी हिशोबात धरलं नाही. तुमच्या शेजाऱ्यांचं तेच झालंय.

सयाजीगंजकर

ताईंचं बरंचसं पटलं, पण एक बाजू राहतेय. गटांमधला अनुवंशिक फरक नगण्य असतो हे सांगायला जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांचा १९७२ चा आकडा नेहमी पुढे केला जातो: मानवी विविधतेतली सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते, वंशांमध्ये जेमतेम ६ टक्के. त्याला ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ साली उत्तर दिलंय. एकेक जनुक घेतलं तर फरक छोटा असतो हे खरं, पण शेकडो जनुकं एकत्र पाहिली तर माणूस कुठल्या लोकसमूहातला, हे बऱ्यापैकी अचूक ओळखता येतं.

भारतात तर जातीबाहेर लग्नं जवळजवळ दोन हजार वर्षं थांबलेली. २०१३ साली प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरूनच दाखवलं की इथल्या दोन मोठ्या प्राचीन समूहांचं मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालं आणि नंतर ते आटत गेलं. आंध्रातल्या वैश्य समाजात एका एन्झाइमची कमतरता इतकी आढळते की भूल देण्याआधी डॉक्टरांना सावध राहावं लागतं. मग मेंदूच तेवढा अपवाद का? मी त्या मुलांबद्दल काही म्हणत नाही. पण ‘असूच शकत नाही’ हेही विज्ञान नव्हे.

रक्तपेढीवाली

सयाजीगंजकर, तुम्ही दिलेल्या गोष्टी बरोबर आहेत. ‘असूच शकत नाही’ असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. मी विचारते, कोणी दाखवलंय का?

एडवर्ड्स सांगतात ते ओळखण्याबद्दल आहे. जनुकांवरून माणूस कुठला हे ओळखता येणं वेगळं आणि त्या जनुकांमुळे त्याला अपूर्णांक येत नाहीत हे वेगळं. ओळखायला वापरले जाणारे बहुतेक फरक कशाचंही काम करत नसतात. वैश्यांचं उदाहरण एका जनुकाचं आहे, सिकलही एका जनुकाचं. समाजाचे मूळ पूर्वज थोडे, लग्नं आतल्या आत, त्यामुळे एखादं दुर्मीळ जनुक साठतं. हजारो जनुकांचा इवलाइवला वाटा असलेली लक्षणं अशी वागत नाहीत.

अशा लक्षणांचं काय होतं ते पुन्हा उंचीतच बघा, कारण उंची फूटपट्टीने मोजता येते, बुद्धी येत नाही. उत्तर युरोपातले लोक दक्षिणेकडच्यांपेक्षा उंच, त्यामागे नैसर्गिक निवडीने साठलेली जनुकं आहेत, असं काही वर्षं मोठमोठ्या नियतकालिकांत छापून येत होतं. २०१९ साली दोन स्वतंत्र गटांनी ब्रिटनच्या यूके बायोबँक या जनुकं-आरोग्याच्या माहितीसाठ्यातली पाच लाख माणसांची माहिती घेऊन तेच गणित पुन्हा केलं, तर तो पुरावा बहुतांशी विरून गेला. आधीच्या माहितीत वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र होती आणि देशादेशांतला परिस्थितीचा फरक थोडाथोडा जनुकांच्या खात्यावर चढला होता. जगातले उत्तम संख्याशास्त्रज्ञ, लाखो माणसं, मोजायला सोपं लक्षण, आणि तरी फसगत झाली. २०२२ साली ५४ लाख माणसांवर उंचीचा आणखी मोठा अभ्यास झाला, उंचीशी जोडलेल्या बारा हजारांवर जागा जनुकांत सापडल्या. त्यांवरून युरोपीय वंशाच्या लोकांच्या उंचीतला सुमारे ४० टक्के फरक सांगता येतो, इतर वंशांच्या लोकांत १० ते २० टक्केच. ही अवस्था उंचीची. मग शाळेचा पास-नापास घेऊन राठव्यांच्या मेंदूबद्दल कोण कशाच्या जोरावर बोलणार?

उलट बाजूचे पुरावे मात्र आपल्याच देशातले आहेत. भारतातली मुलं आफ्रिकेतल्या जास्त गरीब देशांतल्या मुलांपेक्षा बुटकी का, याचा सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी अभ्यास केला, २०१७ साली छापला. घरातलं पहिलं मूल घेतलं तर भारतीय मूल आफ्रिकेतल्यापेक्षा बुटकं नसतं. दुसऱ्या, तिसऱ्या मुलापाशी दरी पडते आणि वाढत जाते. सख्ख्या भावंडांचे आईबाप तेच, जनुकं त्याच पोतडीतली. घरातला घास कोणाला आधी मिळतो, मुलगा आहे की मुलगी, त्याप्रमाणे उंची बदलते.

आणि मास्तर, हे खास तुमच्यासाठी. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, सुटेल त्याला पैसे. जात उघड केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांनी सारखेच सोडवले. सगळ्यांसमोर नाव-जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, चक्रव्यूह तेच. तुमच्या पार्किंगमध्ये येता-जाता कोणी मोठ्याने ‘हे रक्तात असावं लागतं’ म्हणत असेल तर ते त्यांच्या पाटीपर्यंत पोचतं. वह्या आणून देणाऱ्या माणसाला हे समजावता येईल असं वाटतं.

मराठी माणसांनी इरावती कर्वे यांचा एक धागा तरी लक्षात ठेवावा. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. पुढे नाझींच्या वंशशास्त्राला ज्यांनी आधार पुरवला तेच हे फिशर. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंची विषमता आणि वंश यांचा संबंध आहे असा त्यांचा कयास. पंचविशीही न ओलांडलेल्या इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि संबंध सापडत नाही असं लिहून प्रबंध दिला. गुरूच्या देशात, गुरूच्या विरुद्ध. पुढे १९६८ साली त्यांनी आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मोजमापं छापली, तर एकाच दर्जाच्या म्हणवणाऱ्या या आठ गटांत आपसांतच चांगला फरक निघाला. ‘ब्राह्मण रक्त’ असं एक काही असतं, हे मानणाऱ्यांनी तो निबंध वाचावा.

तळोद्याचा

मी नंदुरबार जिल्ह्यातला, तळोद्याकडचा भील. बारा-तेरा वर्षं झाली, मकरपुऱ्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वरचं सगळं वाचलं. ताईंनी चांगलं सांगितलं. पण इथे आमच्याबद्दल बोलणं चाललंय, तर आमच्यातलाही कोणी बोलावा.

माझी पाचवीपर्यंतची शाळा मराठीत झाली. घरी भिली. गुरुजी ‘एक तृतीयांश’ म्हणायचे तेव्हा मला तो शब्द कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळायचं नाही. वाटणी मात्र कळायची. मोहाची फुलं वेचून आणली की आजी तीन घरांत वाटायची, तो वाटा कमी-जास्त झालेला मला लगेच दिसायचा. सहावीला आश्रमशाळेत एका सरांनी पहिल्यांदा आमच्या बोलीत गणित सांगितलं, आणि वर्षाच्या शेवटी मी वर्गात वर आलो. माझं रक्त त्या वर्षात बदललं नाही.

मास्तर, तुमची मुलं घरी राठवी बोलतात, पुस्तक गुजराती, आणि तुम्ही बहुतेक मराठी वळणाची गुजराती बोलत असाल. शाब्दिक उदाहरण त्यांना तीन भिंतींपलीकडून ऐकू येतं. ती मुलगी आठवड्याची हजेरी सांगते ना, तिला तोच हिशोब तिच्या शब्दांत लिहू द्या, मग आकड्यात, मग पुस्तकाच्या भाषेत. आणि होळीला ती जाणार. शाळेत तेव्हा अपूर्णांक चालू असतील. परत येईल तेव्हा वर्ग टक्केवारीवर गेलेला असेल. दर वर्षी तेच तीन महिने बुडतात, तर तोच धडा दर वर्षी बुडतो. हे त्या इंजिनियर साहेबांना सांगा, त्यांना लगेच समजेल.

आणखी एक. बडोद्यात राहतो म्हणून लिहितो. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीकडे आणि १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याआधी ज्या घरांत कोणी अक्षर गिरवलं नव्हतं, त्यांचे नातू-पणतू आज या शहरात डॉक्टर, वकील आहेत. ज्या भीमराव आंबेडकरांना याच राज्याने शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, त्यांना १९१७ साली इथे नोकरीला आल्यावर राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काढल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले. शिष्यवृत्ती मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतर माणूस एकच होता. रस्ता मिळाला तेव्हा तो कुठवर गेला ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या मुलांना रस्ता द्या, मग फरक मोजा. जो उरेल तो आम्हीही मान्य करू.

आकडेमोड_बडोदे

दादा, ताई, मनापासून आभार. सयाजीगंजकरांचेही, त्यांनी अडवलं नसतं तर अर्ध्या गोष्टी पुढे आल्या नसत्या.

पायरी कळली. गटाच्या आतला आकडा घेऊन गटांमधल्या फरकावर उडी मारली होती. डच आणि कोरियाची उदाहरणं मी त्या गृहस्थांसमोर कागदावर मांडणार आहे, त्यांना आकड्यांची आवड आहे. हजेरीच्या हिशोबाची युक्ती आज संध्याकाळपासूनच.

ताई, एक विचारायचंय. बरीच मुलं संध्याकाळी पेंगतात, दोघांचे डोळे पिवळट वाटतात. सिकलची तपासणी कुठे करून घ्यावी? आणि लोहाच्या गोळ्या मी स्वतः आणून दिल्या तर चालतील का?

रक्तपेढीवाली

गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. पिवळट डोळे असतील तर आधी तपासणी. सिकलच्या रुग्णाला आंधळेपणाने लोह देत नाहीत, त्याच्या अंगात लोह कमी आहे की नाही ते बघावं लागतं. जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात सिकलची प्राथमिक तपासणी होते का ते विचारा, नाहीतर सरळ सरकारी मोठ्या रुग्णालयात न्या. सिकल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ च्या जुलैत सुरू झाली आहे, तिच्यात आदिवासी भागातल्या लोकांची तपासणी मोफत आहे. मुलाबरोबर आईबापांचीही करून घ्या. दोघंही वाहक असतील तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात रोगी मूल होण्याची शक्यता चारात एक असते, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणीतरी बसून सांगायला हवं.

नुसता अ‍ॅनिमिया असेल तर तोही हलका घेऊ नका. लोह कमी असलेलं मूल पेंगतं, लक्ष टिकत नाही, आणि मास्तरांना ते मठ्ठ वाटतं. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिवशी शाळा-अंगणवाडीत मिळते, साइटवरची मुलं नेमकी त्यातून सुटतात. त्यांच्या घरात मीठ कुठलं येतं तेही बघा. सुटं खडे मीठ असेल तर आयोडीन नसण्याची शक्यता, आणि गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याची किंमत मोजावी लागते. आयोडीनयुक्त मिठाची पिशवी फार महाग नाही. सोसायटीतून वर्गणी काढायची असेल तर वह्यांच्या आधी याची काढा.

तळोद्याचा

ताई, आईबापांशी बोलायला मी येतो. राठवी मला पूर्ण येत नाही, पण भिलीवर भागतं, आणि आमच्या खात्यात छोटाउदेपूरचा एक राठवा मुलगा आहे त्यालाही घेऊन येईन. रविवारी साइटला सुट्टी असते का? पत्ता मला वेगळ्या निरोपात पाठवा, इथे टाकू नका.